पहिले हजार किलोमीटर

गेल्या महिन्यात माझी नवी बाइक घरी आली. एकशेसाठ सीसी, रंग काळा, ईएमआय छत्तीस! शोरूमपासून घरापर्यंत ओडोमीटरवर ९ किलोमीटर पडले आणि तेवढ्यात सल्लेही नऊ जमा झाले. शोरूमवाला म्हणाला, ‘‘पहिलं सर्व्हिसिंग होईपर्यंत स्लो चालवा.’’ (हे तो माझ्या धाकट्या भावाकडे बघून म्हणाला. भावाकडे लायसन्ससुद्धा नाही!) खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘‘चाळीसच्या वर नेलीस तर इंजिन संपलं म्हणून समज.’’ ऑफिसं बदलत बदलत सध्या हिंजवडीत स्थिरावलेला माझा एक मित्र म्हणाला, ‘‘अगं, काही नसतं ते रनिंग-इन वगैरे. पहिल्या दिवशीच मस्त पीळ, मग बघ कशी पळते!’’ आणि आई म्हणाली, ‘‘आधी लिंबू ठेव चाकाखाली.’’

लिंबू ठेवलं. बाकीच्यांचं ऐकायचं की नाही, यावर मात्र मी चांगली रात्रभर विचार केला. कारण एक गाडी मी आधीच मारलेली आहे. तीही माझी नव्हे, बाबांची.

चाळीस म्हणजे चाळीस!

२०१६ मध्ये बाबांनी त्यांच्या आयुष्यातली पहिली मोटरसायकल घेतली. त्याआधी आमच्याकडे चेतक होती. तिला लाथा मारून मारून बाबांच्या उजव्या पायात जास्त ताकद आलीये, असं आई म्हणायची. तर ही नवी गाडी, १२५ सीसी, चार गिअर. घेतली आणि आठवड्यातच बाबांना कंपनीच्या कामाला महिनाभर बाहेरगावी जावं लागलं. गाडी पडून राहायला नको म्हणून चावी माझ्याकडे आली. मी कॉलेजात. जगातली सगळ्यात सुखी मुलगी! सोबत एकच अट होती: ‘‘चाळीसच्या वर न्यायची नाही.’’

मी ती अट देवाच्या आज्ञेसारखी पाळली. कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये तीसच्या स्पीडला टॉप गिअर टाकायचा आणि तस्सं जात राहायचं. काटा एका जागी, हात एका जागी. मागून रिक्षावाले शिव्या घालायचे, मी हसायचे. चढ आला तरी गिअर खाली नाही, कारण गिअर खाली टाकला की इंजिन ओरडतं, आणि ओरडणं म्हणजे वाईट, असं माझं साधं गणित होतं. पहिलं सर्व्हिसिंग ७५० किलोमीटरच्या आत करायचं होतं. ते झालं १,४०० ला. फुकट कूपन आहे, कुठे पळून जातंय!

दीड वर्षानंतर सिग्नलवर मागचे लोक नाकाला स्कार्फ लावायला लागले. पुण्यात स्कार्फ तसा सगळेच लावतात, म्हणून मला कळायलाही उशीर झाला. सायलेन्सरमधून निळसर धूर यायचा. दर पंधरा दिवसांनी ऑइल कमी. शेवटी नाना पेठेतल्या एका मामांकडे इंजिन खोललं. त्यांनी सिलिंडर हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि मला आत बघायला लावलं. आतली भिंत आरशासारखी चकचकीत होती. मी म्हटलं, ‘‘अरे वा, किती स्वच्छ आहे!’’ मामा माझ्याकडे असं बघायला लागले, जसं आपण पोहे हातानं चिवडणाऱ्या पाहुण्याकडे बघतो.

‘‘ताई, हीच तर बोंब आहे,’’ ते म्हणाले.

चकचकीत म्हणजे चांगलं नव्हे

त्या दुपारी मामांनी जे समजावलं आणि नंतर मी जे वाचलं, त्याचा सारांश सांगते. कंटाळू नका, एवढं कळलं की बाकी सगळे सल्ले तुम्हाला स्वतःच तपासता येतील.

पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली पळतो, हे आपल्याला शाळेत शिकवलंय. पण पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये बारीक फट असते. ती बंद करायचं काम पिस्टनवरच्या रिंगा करतात. साधारणपणे तीन. वरच्या दोन स्फोटाचा दाब खाली निसटू देत नाहीत आणि तिसरी भिंतीवरचं जास्तीचं ऑइल पुसून काढते. आता गंमत बघा. कारखान्यात सिलिंडरची भिंत मुद्दाम गुळगुळीत ठेवत नाहीत. तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या अतिशय बारीक तिरप्या रेषा ओढतात. याला होनिंग म्हणतात. त्या रेषांच्या खाचांमध्ये ऑइल टिकून राहतं आणि त्यांचे उंचवटे नव्या रिंगेला घासून भिंतीच्या मापाची करतात. रिंग घासते, उंचवटे घासतात, आणि दोघांची एकमेकांशी ओळख होते. रिंग ‘बसते’ म्हणतात ती हीच. अरेंज्ड मॅरेजच समजा ना, सुरुवातीचे दिवस महत्त्वाचे!

आणि हे बसणं आपोआप होत नाही. रिंगेला भिंतीवर नीट दाबून धरायला तिच्या स्वतःच्या ताणाबरोबर स्फोटाच्या गॅसचा दाबही लागतो. तो गॅस रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. म्हणजे इंजिनावर थोडा लोड हवाच. माझ्यासारखं महिनाभर हलक्या हातानं, एकाच स्पीडला, रमतगमत गेलात तर दाब पुरेसा येत नाही. रिंग नीट बसत नाही. भिंतीवरचं ऑइल गरम होऊन तिथेच थर धरतं, खाचा भरतात आणि भिंत आरसा होते. मग ऑइल टिकायला जागा नाही आणि रिंगेला घासायला काही नाही. ऑइल वर चढतं, जळतं आणि निळा धूर!

भरीस भर म्हणजे माझं ते चढावर टॉप गिअरमध्ये रेटणं. कमी आरपीएमला जास्त ओझं म्हणजे बेअरिंगवर हातोडा. आणि चौदाशे किलोमीटर तेच पहिलं ऑइल, त्यात नव्या पार्टांची झिजलेली धातूची बारीक पूड. मामांनी दोष एकाच गोष्टीला दिला नाही. ‘‘सगळं थोडं थोडं,’’ एवढंच म्हणाले. सिलिंडर बोअर करावा लागला, पिस्टन नवा, रिंगा नव्या. बिल बाबांनी भरलं. मला एका शब्दानं बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं.

एक गोष्ट आजच्या गाड्यांबद्दल. त्या गाडीच्या सिलिंडरला लोखंडी स्लीव्ह होती म्हणून बोअर तरी करता आला. हल्लीच्या बऱ्याच बाइक्समध्ये ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कडक मुलामा असतो. टिकायला झकास, पण बिघडला तर साधा बोअर चालत नाही. परत मुलामा चढवा नाहीतर अख्खा ब्लॉक बदला. घेण्याआधी आपल्या गाडीत काय आहे ते विचारून घ्या.

मग चालवायची तरी कशी?

माझ्या नव्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पहिल्या पाचशेला ४,००० आरपीएम आणि पुढे हजारापर्यंत ५,००० आरपीएमची मर्यादा आहे. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल. तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो आणि मॅन्युअल सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत असतं. ती पिशवी फोडा! आपण मोबाइलचं स्क्रीनगार्ड निवडायला तासभर देतो, मग लाखाच्या वरच्या गाडीला वीस मिनिटं द्यायला हरकत नाही.

मुख्य फंडा हा: मर्यादेच्या आत, पण वर-खाली. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये बऱ्यापैकी रेस देऊन स्पीड वाढवायचा, मग ॲक्सिलरेटर सोडून इंजिनाच्याच ब्रेकिंगवर गाडी हळू होऊ द्यायची. परत वाढवायचा, परत सोडायचा. रेस देताना रिंग दाबली जाते, सोडताना तिला श्वास मिळतो. काटा एका जागी पाच-दहा मिनिटं चिकटून राहता कामा नये. फुल थ्रॉटल नाही, आणि गाडी गचके खाईल इतक्या वरच्या गिअरमध्येही नाही.

म्हणूनच पहिल्या महिन्यासाठी ऑफिसचा रस्ता सगळ्यात वाईट. हिंजवडीची संध्याकाळ आठवा. पाऊण तासात चार किलोमीटर, हवा लागत नाही, इंजिन तापतंय. एअर-कूल्ड गाडीला वारा हाच पंखा असतो आणि तो पंखाच बंद. रोज टाळता येणार नाही हे मान्य. पण शिफ्ट जमत असेल तर अर्धा तास आधी निघा, लांबचा सिग्नल असेल तर बंद करा आणि रविवारची पहाट गाडीला द्या. सकाळी सुरू करून दहा मिनिटं जागेवर फरफर करत ठेवायचीही गरज नाही. अर्धा-एक मिनिट पुरे, मग पहिले दोन-तीन किलोमीटर सौम्यपणे.

हायवेवर एकाच स्पीडनं शंभर किलोमीटर जाणं हेही त्याच माळेतलं. नवी गाडी दिसताच आमच्या ग्रुपमध्ये ‘गोवा!’ अशी आरोळी उठली होती. पुण्याहून गोवा साधारण साडेचारशे किलोमीटर. म्हणजे डबलसीट, सामान लादून, तासन् तास एकाच आरपीएमला, आणि पहिल्या सर्व्हिसिंगचा आकडा नेमका गोव्यात पोचल्यावर! मी नाही म्हटलं. ग्रुपमध्ये माझं नाव आता ‘आजी’ आहे. चालेल.

‘पिळून काढा’ पंथ

मित्राचा सल्लाही मी हसून सोडला नाही. नव्या इंजिनाला पहिल्याच काही किलोमीटरमध्ये जोरात पळवावं, म्हणजे रिंगा घट्ट बसतात, असं मानणारा जगभर एक मोठा पंथ आहे. त्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. लोड हवा, आणि तो सुरुवातीला हवा, हे त्यांचं बरोबरच आहे. शिवाय आजची मशीनिंग जुन्यापेक्षा कितीतरी अचूक असते, त्यामुळे रनिंग-इनचा बाऊ पूर्वीइतका करायची गरज नाही.

पण रेसिंगचं इंजिन शर्यतीगणिक खोलतात. माझं मी पुढच्या छत्तीस हप्त्यांत तरी खोलणार नाहीये. नव्या गाडीत फक्त रिंगा नसतात. गिअर, क्लच, बेअरिंग, कॅम, सगळेच एकमेकांना नवे असतात. आणि वॉरंटीच्या कागदावर मित्राची सही नसते. म्हणून मी मधला रस्ता धरला: लोड हो, लाल रेष नाही.

फक्त इंजिनच नवं नसतं

याकडे आपलं सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्याची पकड वरचा थर घासल्यावरच येते. पहिले शे-दीडशे किलोमीटर वळणावर झुकू नका. मी ४० व्या किलोमीटरला, भुरभुर पावसात, झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर हे शिकले. मागचं चाक वीतभर सरकलं, पडले नाही, पण पोटात गोळा आला तो घरी येईपर्यंत तसाच होता.

ब्रेकचंही तेच. नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ घेतात. मोकळ्या रस्त्यावर चाळीसवरून वीसवर, मध्ये थोडं अंतर सोडून, आठ-दहा वेळा एकसारखा ब्रेक दाबा. सुरुवातीलाच कचकन दाबायची वेळ येऊ नये म्हणून पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या बाइक्सना एबीएस सक्तीचं आहे. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, न बसलेल्या पॅडला आणि गुळगुळीत टायरला ते पकड देत नाही.

चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये सैल होते. क्लच केबलही ताणते. खडखड ऐकू आली की ‘नव्या गाडीला काय होतंय’ म्हणू नका, दाखवा.

फुकट सर्व्हिसिंग फुकट नसतं

पहिल्या सर्व्हिसिंगला मजुरी माफ असते, ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतात. हे वाचवायच्या नादात चालढकल करू नका. मी या वेळी ५२० किलोमीटरला गेले आणि मेकॅनिकला विनंती करून ऑइल काढताना समोर उभी राहिले. ट्रेमध्ये मोबाइलचा टॉर्च मारला तर ऑइलमध्ये चांदीची भुकटी मिसळल्यासारखी चमक! ही झिजेची पूड. घाबरायचं नाही, ती येतेच. पण तीच घेऊन आपण चौदाशे किलोमीटर फिरलो होतो, हे आठवून मला त्या ट्रेकडे बघवेना.

नवं ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं घाला. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ आहे का बघा. बहुतेक बाइकचा क्लच त्याच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यामुळे तो घसरायला लागतो. म्हणून बाबांच्या कारमधलं उरलेलं अर्धा लिटर नको, कितीही महागाचं असलं तरी!

रविवार, सकाळी साडेसहा

सर्व्हिसिंगनंतरच्या रविवारी बाबांना म्हटलं, चला पौडपर्यंत जाऊन येऊ. ते आता रिटायर झालेत. मागे बसायला आधी लाजले, मग हेल्मेट घालून तयार झाले. चांदणी चौक ओलांडला, भूगाव गेलं. वर-खाली होणारा रस्ता, गर्दी नाही, मी आपली रेस वाढवतेय, सोडतेय. बाबा गप्प. पिरंगुटच्या घाटात मी बोलण्याच्या नादात चौथ्यातच राहिले आणि इंजिन जरा दबलं. मागून खांद्यावर टपली आली.

‘‘गिअर खाली घे. रेटू नकोस.’’

मी घेतला. गाडी मोकळी झाली. घाट संपल्यावर चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा मी विचारलंच, ‘‘बाबा, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?’’

‘‘नाही गं. मामांनी मला नंतर सांगितलं.’’ त्यांनी चहाचा घोट घेतला. ‘‘मी तुला चेतकचा सल्ला दिला होता. चेतक टू-स्ट्रोक. तिला पेट्रोलमधूनच ऑइल मिळायचं. नवी असताना तापवली की पिस्टन पकडायचा, जागच्या जागी जाम. म्हणून आम्ही चाळीसच्या आतच चालवायचो. तेव्हा ते बरोबर होतं. या गाडीला काय लागतं ते मी वाचलंच नाही. तुला चावी दिली आणि मोकळा झालो.’’

म्हणजे इतकी वर्षं मला वाटत होतं की गाडी मी मारली म्हणून ते गप्प आहेत. आणि ते गप्प होते, कारण सल्ला त्यांचा होता.

आम्ही दुसरा कप मागवला. परत येताना मी चावी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी आधी ओडोमीटर बघितला, मग मला विचारलं, ‘‘किती आरपीएमपर्यंत चालेल?’’

फ्रिजवर चिकटवा!

• मॅन्युअलमधला आरपीएमचा आकडा आणि सर्व्हिसिंगचे किलोमीटर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.
• मर्यादेच्या आत स्पीड वाढवा-सोडा. काटा एका जागी चिकटू देऊ नका.
• फुल थ्रॉटल नको, चढावर वरच्या गिअरमध्ये रेटणंही नको.
• पहिल्या पाचशेत लांबचा हायवे, डबलसीट ओझं आणि तासभराचं ट्रॅफिक जमेल तेवढं टाळा.
• पहिले शे-दीडशे किलोमीटर वळणावर आणि ओल्या रस्त्यावर सांभाळून. ब्रेक हळूहळू बसवा.
• दर रविवारी ऑइलची लेव्हल बघा, गाडी सरळ उभी करून.
• पहिलं सर्व्हिसिंग वेळेत करा. उशीर झाला तर वॉरंटीचाही लोच्या होऊ शकतो.
• सल्ला देणाऱ्याला एकच विचारा: ‘तुमची गाडी कुठली होती?’